ट्रकच्या केबिनमधला पखवाज

मिरवणुकीतल्या डीजेविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्या मुलीच्या घरच्या ट्रकमध्ये सबवूफर, म्हणजे जाड आवाजाचा डबा, बसला, ही बातमी आचऱ्याच्या बाजारात माझ्या आधी पोचली. मी मासळी घ्यायला गेले तर मासेवाली पाटीवरचं फडकं बाजूला करत म्हणाली, "काय गो, आता तुझी पत्रकां त्या डब्यात भरून ठेवतलंस?" मी सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेतली आणि घरी आले. तो डबा मीच अजून पाहिला नव्हता. दादाने कुडाळला जाऊन बसवून आणला तेव्हा मी तळेऱ्याला एका सभेत होते. सभा आवाजाबद्दलच होती.

माझं म्हणणं पत्रकात छापलेलं आहे, ते इथे थोडक्यात सांगते. जाड आवाज भिंत मानत नाही. बारीक आवाज दार लावलं की बाहेर राहतो. जाड आवाज चिऱ्याच्या भिंतीतून येतो, काचेतून येतो, आणि तुम्ही कानांवर उशी दाबली तर छातीतून येतो. आजारी माणसाला, तान्ह्या मुलाला त्यापासून लपायला जागा नसते. "एका दिवसाचा तर प्रश्न" असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी खाटेवर पडून बघावं. लोक पत्रक घेतात, घडी घालतात आणि खिशात ठेवतात. मिरवणुकीत तेच लोक डब्यासमोर नाचतात. मला याचा राग येतो आणि तो यावा असंच मला वाटतं.

दादा माझ्यापेक्षा मोठा. त्याचा ट्रक आहे, खाणीतले चिरे तो बांधकामांवर पोचवतो. ट्रकमध्ये त्याने डबा बसवला तो नाचायला नाही, बाबांसाठी. हे मला आईने सांगितलं. ती सुंगटं सोलत होती. म्हणाली, "टरकाक नवे कान इले. घरातल्या माणसाक काय येणत नाय."

बाबा आमच्या वाडीच्या भजनात पखवाज वाजवायचे. डबलबारीला दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना भजनातून आव्हान देतात, तिथेही त्यांना बोलावणं असायचं. गेली काही वर्षं त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, पण ते कुणाला सांगत नव्हते. मग गेल्या वेळच्या सप्ताहात ते उघडं पडलं. आमच्या देवळात वर्षातून एकदा सात दिवस भजन थांबत नाही. प्रत्येक वाडीने आपापल्या पाळीला देवळात उभं राहायचं. पाळीला आमच्याकडे पार म्हणतात. आमच्या वाडीच्या पाराला, चालू भजनात, बाबांचे हात एका बाजूला आणि टाळ दुसऱ्या बाजूला जायला लागले. बुवांनी दोनदा वळून बघितलं. बाबांनी पखवाज मांडीवरून खाली ठेवला, उठले आणि घरी आले. त्यानंतर त्यांनी पखवाजाला हात लावला नाही. भजनाचं नाव काढलं की परसात जाऊन झावळ्या विणत बसायचे.

डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आवाज गेलेत, जाड बऱ्यापैकी शिल्लक आहेत. कानात घालायचं मशीन दिलं. ते विकणारा माणूस आमच्याशी बोलत होता, बाबांशी नाही. जणू बाबा म्हणजे दुरुस्तीला आणलेला पंखा. मी त्याला तसं सांगितलं तेव्हा तो माझ्याशीही बोलायचा थांबला. मशीन घरी आलं. बाबांनी ते थोडे दिवस घातलं आणि काढून ठेवलं. "ताटां वाजतत, नळ वाजता, बायलमाणसां कोकलतत," म्हणाले. "पखवाज खंय?"

दादाचा हिशोब साधा होता. बाबांना जाड आवाज ऐकू येतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाचा आवाज जाड. मग जाड आवाजाचा डबा घ्यायचा आणि बाबांना त्याच्याजवळ बसवायचं. घरात बसवला तर आख्खी वाडी हादरणार आणि बहिणीचं पत्रक आधी आपल्याच दाराला चिकटणार. ट्रकची केबिन बंद होते. त्याला एवढंच हवं होतं की पुढच्या सप्ताहाला बाबांनी देवळाकडे यावं. वाजवायला नाही, ऐकायला.

पहिली चाचणी मी नसताना झाली होती आणि ती फसली होती. दुसरी मी पाहिली. बाबा क्लीनरच्या सीटवर बसले. डबा त्यांच्या पाठीमागे, झोपायच्या फळीखाली. दादाने मोबाइलवरून एका डबलबारीचं रेकॉर्डिंग लावलं. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभ्या असलेल्या मला आधी आरसे थरथरताना दिसले, मग दार. केबिनमधला देवाचा फोटो खिळ्यावर नाचत होता. भजन आहे की लग्नाची वरात, काही कळायला मार्ग नव्हता. बाबांनी स्वतःच दार उघडलं.

"ह्यो पखवाज न्हय," ते म्हणाले. "ही भाताची गिरण आसा."

"पण बाबा, आवाज येता ना?"

"आवाज समुद्राचो पण येता. म्हणान मी थंय जावन भजन करू?"

ते खाली उतरले. दादाचा चेहरा पडला. मी हसले नाही, हे नोंदवते, कारण तो नंतर सगळ्यांना मी हसले असं सांगत होता.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "तू त्या कागदात लिवलेलंस मा, जाड आवाज भिंतीतून जाता, छातीतून जाता."

"लिहिलंय."

"मगे ता सगळा तुका म्हायत आसा. आता तोच आवाज बाबांच्या छातीत नीट घाल."

मी त्याला सांगितलं की माझं पत्रक याच्यासाठी नाही. तो म्हणाला, पत्रक कशासाठी असता ता वाचणारो ठरवता. मग बाबांना विचारायला गेलो. बाबा झावळी विणत होते. ऐकून न ऐकल्यासारखं केलं, जे त्यांना आता सोपं जातं, आणि शेवटी म्हणाले, "एकदा. ह्या खेपेक गिरण वाजली तर पुन्ना माका त्या टरकात बसवू नको. आणि देवळाचा नाव पण काढू नको."

म्हणजे एकच संधी होती. दादाला ते कळलं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केबिनमध्ये शिरले. कुडाळच्या फिटरने काय केलं होतं ते बघून मला जो संताप आला तो पत्रकात मावला नसता. डब्याच्या ॲम्प्लिफायरला बटणं होती आणि त्याने सगळी उजवीकडे शेवटापर्यंत फिरवली होती. इथे आवाजाचा डबा बसवायचा म्हणजे तो मिरवणुकीसारखाच वाजला पाहिजे, अशी समजूत आहे. ड्रायव्हर पैसे देऊन हेच मागतात आणि फिटर हेच देतो. गेन म्हणजे ॲम्प्लिफायरने आत आलेला आवाज किती वाढवायचा, ते पूर्ण. बास बूस्ट म्हणजे जाड आवाजाला वरून आणखी धक्का, तोही पूर्ण. आणि डब्याने कुठपर्यंतचे आवाज काढायचे ते ठरवणारं बटण, लो-पास, तेही शेवटाला. म्हणून डबा माणसांचे गळेही वाजवत होता. बुवांचा आवाज पाठीमागच्या पिंपातून आल्यासारखा यायचा तो यामुळे.

मी बास बूस्ट शून्यावर आणला. लो-पास ऐंशी हर्ट्झच्या आसपास आणला, म्हणजे डब्याने फक्त खालचं वाजवायचं आणि माणसांचे आवाज दारांतल्या स्पीकरांनी सांभाळायचे. त्या स्पीकरांना उलट ट्रकच्या टेपवरून खालचे आवाज बंद केले, म्हणजे ते आपल्या आवाक्याबाहेर धडपडणार नाहीत. गेन आधी खाली आणला आणि मग आरसा थरथरेपर्यंत वर नेऊन थोडा मागे घेतला. देवाच्या फोटोमागे गोणपाटाचा तुकडा दुमडून लावला. दादा बाहेर उभा राहून सांगत होता, "आता येणा नाय. आता येता. आता वायंच, थोडोसोच."

मग तेच रेकॉर्डिंग लावलं. स्वच्छ वाजलं. बुवांचा शब्दन् शब्द. आणि पखवाज टिक टिक टिक.

"डावो हात खंय गेलो?" दादा म्हणाला.

डावा हात त्या रेकॉर्डिंगमध्ये नव्हताच. कुणीतरी गर्दीत मोबाइल वर धरून घेतलेलं ते. मोबाइलच्या माइकने वरचं घेतलं आणि खालचं सोडून दिलं. आधी जी गिरण वाजत होती ती पखवाजाची नव्हती, मंडपाची, माणसांच्या पायांची आणि बूस्टची होती. जे आत आलेलंच नाही ते कुठल्याही बटणाने बाहेर येत नाही. हे दादाला समजावताना मला माझ्या सभा आठवल्या, पण तो विषय वेगळा.

खरा पखवाज लागणार होता. तो घरात माळ्यावर होता, गवसणीत.

दादाने तो उतरवला आणि खळ्यात चटईवर ठेवला. आईने दारातून बघितलं आणि आत गेली. पखवाजासमोर भजन मंडळाचा माइक ठेवला आणि आधी तारेशिवाय, मोबाइलमार्फत, ट्रकशी जोडला, कारण दादाला तार ओढायचा कंटाळा. मग बाबांना केबिनमध्ये बसवलं. काचा वर केल्या. मी त्यांच्या शेजारी ड्रायव्हरच्या सीटवर, हात बटणावर. समोर खळ्यात दादा पखवाज घेऊन बसला आणि वाजवायला लागला. दादाला वाजवता येत नाही. तो चिरे मोजावेत तसा वाजवतो.

बाबा काचेतून बघत होते. "हात पडता, नि आवाज मागसून येता," ते म्हणाले. "वीज नि गडगडाट काय ह्यो?"

तारेशिवाय पाठवलेला आवाज वाटेत थोडा थांबतो. ते मला माहीत होतं, पण नुसतं बोलणं ऐकताना कुणाला कळत नाही. ज्याचा हातावर डोळा आहे त्याला लगेच कळतं. दादा उठला, कुरकुरत तार घेऊन आला, ट्रकच्या दारातून आत खोचली. पुन्हा बसला. आता हात आणि आवाज बरोबर पडायला लागले. पण बाबा मान हलवत राहिले.

"पोकळ आसा. माझ्याकडे येणा नाय. पाठीमागे खंयतरी पडता."

मी गेन वाढवला. आरसा थरथरला. "न्हय," बाबा म्हणाले. मी पुन्हा कमी केला. ॲम्प्लिफायरवर फेज नावाचा एक छोटा खटका होता, फिटरने हात न लावलेला एकटाच. पुढचे स्पीकर आणि मागचा डबा एकमेकांच्या विरुद्ध हलत असतील तर मधल्या माणसापाशी आवाज मरतो. बाबा बरोबर मध्ये बसले होते. मी फळीखाली हात घालून खटका उलटा केला.

बाबांच्या पाठीचा कणा सीटला टेकला. मग म्हणाले, "वाजव म्हणान सांग तेका."

दादा वाजवतच होता.

बराच वेळ ते ऐकत राहिले आणि मग त्यांनी दार उघडलं. मी बटण सोडलं. दादाही थांबला. बाबा उतरले, खळ्यात गेले, चटईशी उभे राहिले आणि पखवाजाकडे बोट दाखवून म्हणाले, "कणीक लावल्याशिवाय वाजवतंस? डावा तोंड सुका आसा. डबो बिचारो काय करतलो."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला दर वेळी वाजवण्याआधी ओल्या कणकेचा गोळा थापतात. त्याने त्या तोंडाचा आवाज खाली जातो, भरतो. कमी लावली तर आवाज पत्र्यासारखा, जास्त लावली तर मातीत लाथ मारल्यासारखा. वाजवता वाजवता सुकते, मग पाण्याचा हात फिरवायचा. आम्ही दोघं हे लहानपणापासून बघत होतो आणि आमच्या डोक्यात आलं नाही. आम्ही बटणं फिरवत होतो.

"आई, वायंच कणीक मळ गो," दादाने हाक मारली.

आईने मळून आणली. दादाने हात पुढे केला, तर बाबांनी वाटी स्वतःच घेतली. खाली बसले. पखवाज उभा केला. गोळा थापला, अंगठ्याने कडा दाबली, तळव्याने एकदा मारून बघितलं, नखाने थोडा काढून वाटीत टाकला, पुन्हा मारलं. आई पदराला हात पुसत दारात उभी राहिली. बाबांनी मग पखवाज दादाकडे सरकवला, जसा दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसा, आणि केबिनमध्ये येऊन बसले. वाजवायचं नाव नाही. मीही काढलं नाही.

त्यानंतर कामाला वेळ लागला नाही, कारण आता आमच्याकडे भाषा होती. "कणीक जास्त झाली" म्हणजे मी गेन मागे घ्यायचा. "सुकली" म्हणजे थोडा पुढे. "कड दाब" म्हणजे काय ते मला कळायला वेळ लागला. ते लो-पास आणखी खाली हवं असं होतं. मधेच मी उतरून ट्रकला फेरी मारली, मोबाइलवर आवाज मोजला. बंद काचांबाहेर फारसं काही नव्हतं. पत्र्यावर हात ठेवला तर धडधड लागायची, एवढंच. मी ते लिहून ठेवलं नाही, पण ठेवलं असतं तरी लाज वाटली नसती.

सप्ताहात आमच्या वाडीचा पार दुपारी जेवणानंतर आला. दादाने बाबांसकट ट्रक देवळाच्या मंडपाच्या उघड्या बाजूला, आंब्याच्या सावलीत लावला. मंडपातल्या पखवाजाच्या माइकपासून तार ओढली, वाटेवर पायात येऊ नये म्हणून पोत्याखालून घेतली. लोक बघत होते. मला माहीत होतं कुणीतरी बोलणार.

"काय गो," वाडीतले एक काका म्हणाले, "आवाज बंद करूक इलंस, काय लावूक?"

"काका, बाहेर ऐकू येतो का सांगा."

त्यांनी कान लावल्यासारखं केलं. "नाय बा."

"मग बसा भजनाला."

वाजवायला जो बसला होता तो आमच्याच वाडीतला, रिक्षा चालवतो, बाबांकडेच शिकलेला. बाबांनी जागा सोडल्यावर त्याच्या गळ्यात ती पडली. तो बसता बसता ट्रककडे बघून घाबरला असावा, कारण पाया पडल्यासारखे हात जोडले. बाबांनी काचेच्या आतून मान हलवली.

भजन सुरू झालं. टाळ बाबांना ऐकू येत नव्हते, ते मला माहीत होतं. बुवांचे शब्द दारातल्या स्पीकरांतून अर्धेमुर्धे. पण खालचं येत होतं. मी शेजारी बसून बाबांकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, तार गेली. वाटलं, फेज पुन्हा उलटला.

"चार चपात्ये व्हतीत एवढी कणीक लावल्यान हा," बाबा म्हणाले.

मी ऐकलं. जड, बसका, सगळ्या मात्रा एकमेकांना चिकटलेल्या. खरं होतं.

"ह्यापेक्षा ऐकाक येय नाय होता तेव्हा बरो होतंय मी." त्यांनी मंडपाकडे बोट केलं. "जा गो. तेका सांग."

"आता? चालू भजनात?"

"मगे काय पार संपल्यार?"

मी उतरले. मंडपात पुरुष उभे होते, दोन ओळींत, टाळ हातात. भजनाच्या मधोमध जाणारी मी पहिलीच नसेन, पण तसं वाटलं. बुवांची भुवई वर गेली. मी कडेकडेने गेले, रिक्षावाल्याच्या मागे वाकले आणि त्याच्या कानात म्हटलं, "बाबा सांगतत, कणीक जास्त आसा. काढ."

तो वाजवता वाजवता हसला. बुवांनी ओळ लांबवली, टाळकऱ्यांनी ती उचलून धरली, तेवढ्यात त्याने नखाने कडेचा एक तुकडा खरवडला, बोटाने गुडघ्याला पुसला आणि पुन्हा हात टाकला. बुवांनी एकदा पखवाजाकडे बघितलं, मग ट्रककडे. पुढची ओळ त्यांनी चढवली.

मी परत येऊन काच वर केली. बाबा पुढे सरकून बसले होते, सीट न टेकता.

"आता तुझो डबो पण वायंच कमी कर," ते म्हणाले. "आता एवढो लागणा नाय."

मी फळीखाली हात घालून गेन मागे घेतला. ते अजून मागे म्हणाले, मी अजून घेतला. मग त्यांनी पुरे अशी खूण केली, आणि तोच हात सीटच्या कडेवर ठेवला. डावा. तो तिथे पडायला लागला, हलके, तळव्याने. मी काचेतून मंडपातल्या पखवाजावरच्या हाताकडे बघत राहिले. दोन्ही एकाच वेळी पडत होते.